मोटारीचे कुलूप चोराला अडविते काय?

'कुलूप सज्जनांसाठी असते, चोरासाठी नव्हे,' असे आपण सहज म्हणतो. मोटारीच्या बाबतीत हे कितपत खरे आहे?

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. मोटारीतील वस्तूंची चोरी आणि खुद्द मोटारीची चोरी या दोन निराळ्या गोष्टी होत. पहिलीत दाराच्या कुलपाचा उपयोग मर्यादितच. कुलूप पोलादी असले तरी वर काच आहे, आणि ती फोडावयास क्षणभर पुरतो. दारे चाचपीत जाणारा भुरटा चोर कुलपाने परततो. आसनावर पिशवी दिसलेला चोर परततोच असे नाही.

गाडीच पळवावयाची तर मात्र काच फोडून भागत नाही; चाके वळवावी लागतात. स्टिअरिंगचे कुलूप नेमके तेच अडविते. पश्चिम जर्मनीने १९६१ ते १९६३ या काळात हे कुलूप नव्याजुन्या सर्वच मोटारींना सक्तीचे केले. तेथील मोटारचोऱ्या झपाट्याने घटल्या. ब्रिटनने १९७१ पासून सक्ती केली, पण ती केवळ नव्या मोटारींपुरती. लंडन परिसरात चोरीस गेलेल्या गाड्यांपैकी नव्या गाड्या १९६९ साली सुमारे २१ टक्के होत्या. १९७३ साली त्या ५ टक्क्यांवर आल्या. एकंदर चोऱ्यांत मात्र तशी घट झाली नाही. चोर कुलूप नसलेल्या जुन्या गाड्यांकडे वळले होते.

साधन एकच, फळे दोन. चोर प्रत्येक कुलपाशी झुंजत बसत नाही. वेळ लागणार, आवाज होणार असे दिसताच तो शेजारची सोपी गाडी पाहतो. सोपी गाडी उरलीच नाही, तर पुष्कळ जण तो नादच सोडतात.

पुढे किल्लीतील चिपेची ओळख पटल्याखेरीज इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा आली. युरोपीय संघाने १९९८ मध्ये ती नव्या मोटारींना आवश्यक ठरविली. आता घरात ठेवलेल्या बिनतारी किल्लीचा संदेश बाहेरच्या गाडीपर्यंत पोहोचवून ती पळविणारेही चोर आहेत. म्हणजे कुलपाचे काम कधी संपत नाही.

तेव्हा कुलूप अवश्य लावावे, वस्तू गाडीत ठेवू नयेत. पण ब्रिटनचा धडा त्याहून मोठा आहे. नव्या गाडीचा धनी निर्धास्त झाला, तेव्हा त्याच्या वाट्याचा धोका जुनी गाडी वापरणाऱ्याच्या दारी गेला. सुरक्षितता ज्याला परवडते त्याच्यापुरती ठेवली, तर चोरी केवळ घर बदलते.