कुंग-फू शिकताना आधी पारखून घ्या



आपल्या वस्तीतली मुलं-मुली आता कराटे, कुंग-फूच्या क्लासला जातात. ही चांगली गोष्ट आहे. शरीर कसते, दमसास वाढतो, शिस्त लागते. पण अंधारात घरी येणाऱ्या मुलीचा कुणी हात धरला, तर हे शिकलेले कामाला येईल का? आईवडिलांच्या मनातल्या या प्रश्नाचे उत्तर कुंग-फूच्या मायभूमीतच, चीनमध्ये, शोधू या.

हनान प्रांतातले शाओलिन विहार इ. स. ४९५ मध्ये भारतातून आलेल्या एका भिक्खूसाठी बांधले गेले. कुंग-फू बोधिधर्मांनी शिकवले, असे आपण ऐकतो. अभ्यासक मात्र ही कथा फार नंतरची मानतात. खात्रीचा पुरावा ७२८ सालच्या शिलालेखात आहे. त्या काळी दरोडेखोर विहारावर चालून येत, आणि ६२१ मध्ये तिथले भिक्खू एका लढाईत उतरले होते. म्हणजे ही विद्या गरजेपोटी वाढली, शोभेसाठी नव्हे.

सोळाव्या शतकात समुद्री लुटारूंशी लढणारा सेनापती छी जिग्वांग यानेही हेच बजावले. हातापायांना वळण लागावे म्हणून मुष्टियुद्ध शिका, पण दिसायला सुंदर असलेले हातवारे रणांगणात कामाचे नाहीत, असे त्याचे मत होते. २०१७ मध्ये छंगदू शहरात ताई-ची शिकवणारे वेई लेई आणि आधुनिक लढतीचा सराव असलेले शू शाओडाँग समोरासमोर आले. अर्ध्या मिनिटाच्या आत वेई लेई हरले.

असे का होते? नुसत्या ठरलेल्या हालचालींच्या सरावात समोर कुणी नसते. खरा हल्लेखोर ढकलतो, केस ओढतो, कपडे धरतो. भीतीने छाती धडधडते, हात थरथरतात आणि अवघड डाव आठवत नाहीत. साधे, शेकडो वेळा जोडीदारावर केलेले डावच तेवढे हाताशी राहतात.

चिनी युद्धकला आपल्याकडे ‘वुशू’ या नावाने शिकवतात. तिचे दोन भाग आहेत. ‘ताओलू’ म्हणजे ठरलेल्या हालचाली. ‘सान्डा’ म्हणजे ठोसा, लाथ आणि पाडणे यांची प्रत्यक्ष लढत. व्यायामाला ताओलू उत्तम. बचावासाठी सान्डासारखा सराव हवा.

क्लास निवडताना आम्ही सुचवतो ते पाहा :

१. जोडीदार खरोखर विरोध करतो का, की शिक्षकांनी हात लावताच पडतो?

२. धरलेला हात सोडवणे, पडल्यावर उठणे आणि पळणे शिकवतात का?

३. सरावात हातमोजे, डोक्याचे कवच, दातांचे गार्ड वापरतात का? लहान मुलांच्या डोक्यावर ठोसे मारू देतात का? देत असतील तर तो क्लास नको.

४. मुली मोकळेपणाने शिकतात का? पालकांना बसून पाहू देतात का?

डोक्याला मार लागून उलटी, चक्कर, झोपाळूपणा किंवा विसरणे जाणवले, तर सराव तिथेच थांबवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

पहिला डाव मात्र हातापायाचा नाही. सोबतीने चालणे, कानात हेडफोन न घालणे, अंतर ठेवणे, मोठ्याने ओरडणे, उजेडाकडे पळणे आणि ११२ वर फोन करणे हाच तो डाव. चाकू दिसला तर मोबाईल, पैसे देऊन टाका. वस्तू परत मिळते, जीव नाही.

कायद्याने स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे, पण बचावाला लागेल तेवढ्याच बळाचा. समोरचा पळू लागला की आपला हात थांबला पाहिजे.

मग ‘पाणातिपाता वेरमणी’ या शीलाचे काय, असे कुणी विचारेल. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. द्वेषाने हात उगारणे वेगळे आणि लेकराला वाचवण्यासाठी उगारणे वेगळे.

वंदनेत आपण धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतो, ‘या आणि पाहा’. जो धम्म स्वतःलाही पारखून घ्या म्हणतो, त्याच्या उपासकांनी कुंग-फूचा क्लास न पारखता का स्वीकारावा? फी भरण्याआधी एक दिवस जा, बसा, पाहा आणि मगच मुलीचे नाव घाला.

जय भीम! नमो बुद्धाय!