काळ्या रानात घर बांधताना

कोल्हापूरच्या चारी अंगांनी उसाची रानं प्लॉट होत चालली आहेत. कालपर्यंत जिथं पाटानं पाणी फिरत होतं, तिथं आज फक्कीच्या रेघा पडतात आणि पुढच्या वर्षी वास्तुशांत होते. अशाच एका रानात, पंचगंगेच्या अंगाला, आमचं घर आहे. काळ्या मातीवरचं घर काय काय सोसतं ते मी रोज बघतो. त्यातून जे समजलं, ते इतरांना पाया खोदायच्या आधी कळावं म्हणून हे लिहितो आहे. सांगायचं ते एकच: आपल्या भागात घराचं गणित हे पाण्याचं गणित आहे. पायाखालच्या मातीत पाणी किती शिरतं, काँक्रीटच्या मालात किती पडतं आणि माल ओतल्यावर किती दिवस मिळतं, या तिन्हींवर ज्याचं लक्ष, त्याचं घर टिकतं.

एकच ड्रॉइंग, दोन जमिनी

माझ्या मेहुण्यांचं घर पाचगावच्या चढाला, मुरमावर आहे. आमचं खाली, काळ्यात. ठेकेदार एकच होता आणि पायाचं ड्रॉइंगही एकच: साडेचार फुटांचे खड्डे, तळाला पीसीसी म्हणजे साध्या काँक्रीटचा थर, त्यावर फुटिंग आणि कॉलम. तिथं खड्ड्यात पहार मारली की टणकन आवाज यायचा. आमच्या खड्ड्यात कुदळ लोण्यात सुरी शिरावी तशी जात होती. गवंडीमामा म्हणाले, "काय होत न्हाई मालक, एकमजली घराचा लोड किती असतोय?"

मेहुण्यांच्या भिंतीला आजही केसाएवढी चीर नाही. आमच्याकडं दुसऱ्याच उन्हाळ्यात हॉलच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरका तडा निघाला. विटांच्या सांध्यांवरून पायरी-पायरीनं उतरत तो जोत्यापर्यंत आला. मे महिन्यात त्यात रुपयाचं नाणं उभं जायचं, गणपतीच्या सुमाराला नखसुद्धा शिरेना. पुढच्या उन्हाळ्यात तडा पुन्हा उघडला, आणि शेजारच्या खोलीचा दरवाजा चौकटीत अडकू लागला.

याचं कारण मातीच्या स्वभावात आहे. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि माती फुगते. पाणी गेलं की ती आवळते, रानात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. सगळी जमीन सारखीच वर-खाली झाली असती तर घराला फारसा त्रास झाला नसता. पण घराच्या मधोमध माती झाकलेली, म्हणून ओलसर राहते. उन्हाच्या बाजूची कडा वाळते. मागं न्हाणीघराचं सांडपाणी मुरत असेल तर तो कोपरा बारा महिने फुगलेला. एक कोपरा वर, दुसरा खाली, आणि मधल्या विटा फाटतात. 'लोड किती' हा हिशेबही इथं उलटा पडतो. फुगणाऱ्या मातीचा दाब मोठा असतो. जड इमारत तो थोडाफार दाबून धरते, हलकं घर मात्र उचललं जातं. म्हणून कुंपणाच्या भिंती, गॅरेज आणि एकमजली घरं आधी तडकतात.

आपल्या पूर्वजांना हे कळत होतं. गाव वसे पांढरीवर आणि शेती होई काळीत. आता जागेच्या टंचाईनं आपल्याला काळीत राहायला यावं लागतं आहे. तसं राहता येतं, पण काळीच्या अटींवर.

आधी माती विचारा

प्लॉट घेताना दर आणि रस्ता बघतात तशी मातीही बघा. मे महिन्यात जा. भेगा किती रुंद आहेत, काठी किती खाली जाते ते बघा. शेजारच्या पाच-दहा वर्षांच्या घरांच्या कुंपणाच्या भिंती निरखा. तिथं कधी विहीर, ओढा किंवा पाट बुजवला होता का, हे जुन्या शेतकऱ्याला विचारा. नदीकडचा प्लॉट असेल तर जलसंपदा विभागाची निळी आणि लाल पूररेषा नकाशावर तपासा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोका पातळी आहे, आणि २०१९ व २०२१ साली पाणी तिच्या कितीतरी वर गेलं. पुरात दिवसचे दिवस भिजलेली माती पुढच्या उन्हाळ्यात तितकीच आवळते.

मग दोन-तीन ठिकाणी खड्डे घ्या आणि काळी माती संपून मुरूम कुठं लागतो ते मोजा. मातीचा नमुना प्रयोगशाळेत द्या. फुगवट्याची चाचणी अगदी साधी असते. वाळवून चाळलेली १० ग्रॅम माती एका मोजपात्रात रॉकेलमध्ये टाकतात आणि तेवढीच दुसऱ्यात पाण्यात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्हींचं आकारमान वाचतात. समजा रॉकेलमधली माती १२ मिलिलिटरवर बसली आणि पाण्यातली २१ वर गेली, तर फुगवटा ७५ टक्के. आकडा ५० च्या पुढं गेला की साधा उथळ पाया चालणार नाही, असं धरून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडं जा. ठेकेदाराच्या अंदाजावर पायाची खोली ठरवू नका. घराच्या खर्चात या चाचणीची फी जाणवतही नाही.

पाया आणि जोतं

मुरूम पाच-सात फुटांवर लागत असेल तर काळी माती पूर्ण ओलांडून फुटिंग मुरमातच टेकवा. काळी खोलवर असेल तर अंडररीम पाइल हा खात्रीचा मार्ग. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं हे तंत्र आपल्या देशात रुजवलं. साधारण ३०० मिलिमीटर व्यासाचं भोक साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल घेतात, कारण तिथल्या मातीची ओल ऋतूप्रमाणं फारशी बदलत नाही. तळाशी भोकाच्या अडीचपट व्यासाचा गड्डा कोरतात आणि मग सळ्या टाकून काँक्रीट भरतात. तो गड्डा पाइलला खालून धरून ठेवतो, वरची माती फुगली तरी पाइल उचलली जात नाही.

पाइलवरचा प्लिंथ बीम थेट काळ्या मातीवर ओतायचा नसतो. खाली तीन-चार इंचांची पोकळी ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी बीमला ढकलत नाही. आमच्याकडं बीम मातीवरच टेकवला होता. पुढं तडा बघायला आलेल्या इंजिनिअरनी कोपरा उकरून दाखवला तेव्हा बीमच्या पोटाला माती घट्ट चिकटलेली होती.

खड्ड्यातून निघालेली काळी माती पुन्हा जोत्यात भरू नका. फुकट मिळते म्हणून ती भरली जाते आणि दोन पावसाळ्यांत फरशा उचलतात. मुरूम आणा, अर्ध्या-पाऊण फुटाचे थर द्या, पाणी मारा आणि प्रत्येक थर धुम्मसानं ठोका. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी शेजारच्या कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्याच्या निमित्तानं दाखवून दिलं की चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर मध्ये दिला, की खालच्या काळ्या मातीचा फुगवटा वर पोचत नाही. आपल्या परिसरातला चांगला मुरूम हेच काम करतो.

घराभोवती चार-पाच फुटांचा, बाहेर उतार असलेला पक्का पट्टा करा आणि भिंतीशी त्याचा सांधा बुजवा. गच्चीचं पाणी पाइपानं लांब न्या. शोषखड्डा भिंतीपासून दूर घ्या. वड, पिंपळ, निलगिरी घराजवळ नको. झाडाची पूर्ण वाढलेली उंची जेवढी, तेवढं अंतर सोडावं. जुनं मोठं झाड मात्र एकदम तोडू नका. मुळं ओढत होती ते पाणी मातीत राहू लागतं आणि तीच माती उलट फुगते.

काँक्रीट आणि आपला उन्हाळा

आपल्याकडं काम दिवाळीनंतर सुरू होतं आणि पावसाआधी स्लॅब उरकायचा म्हणून एप्रिल-मेमध्ये ओतला जातो. नेमकं तेव्हा ऊन कडक आणि वारा कोरडा. माल पसरायला सोपा जावा म्हणून मिक्सरमध्ये बादलीनं पाणी टाकतात. हे जास्तीचं पाणी उडून जातं, मागं बारीक छिद्रं राहतात आणि ताकद घटते. भारतीय मानक आयएस ४५६ नुसार साधारण परिस्थितीत एम २० प्रतीच्या काँक्रीटसाठी पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.५५ पर्यंतच चालतं. म्हणजे ५० किलोच्या पोत्याला साडेसत्तावीस लिटरपर्यंत, तेही खडी-वाळूतली ओल वजा करून. बादलीला रंगानं खूण करा आणि मिक्सरजवळ घरचा माणूस उभा करा. खडी-वाळू घमेल्यानं न मोजता ३५ लिटरच्या फरम्यानं मोजा. एवढीच एका पोत्याची जागा असते. माल घट्ट वाटला तर इंजिनिअरना सांगून योग्य रसायन वापरा, पाणी वाढवू नका.

स्लॅब पहाटे सुरू करा. आधी सेंट्रिंग भिजवा, खडीवर पाणी शिंपडा. सळयांखाली कव्हर ब्लॉक लावा, दगडाचे तुकडे नको. पृष्ठभाग घट्ट होताच ओलं गोणपाट टाका. कोरड्या वाऱ्यात पहिल्या काही तासांतच वर बारीक भेगा पडतात. दुसऱ्या दिवशी वाळू-सिमेंटचे छोटे बांध घालून आळी करा आणि पाणी भरून ठेवा. कोरड्या उष्ण हवेत साध्या सिमेंटला किमान १० दिवस, पीपीसीला, म्हणजे पोझोलाना मिसळलेल्या सिमेंटला, १४ दिवस पाणी मिळायला हवं. बाजारात बहुतेक पीपीसीच मिळतं, हे ध्यानात ठेवा. सकाळ-संध्याकाळ नळी फिरवून मधल्या उन्हात स्लॅब वाळू दिला, तर ते पाणी मारणं नव्हे. कॉलमला गोणपाट गुंडाळा, तिथं पाणी टिकत नाही. विटा बांधण्याआधी भिजत घाला. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो.

तडा वाचायला शिका

प्रत्येक तडा पायाचा नसतो. प्लॅस्टरवर जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसल्या तर पाणी कमी पडलं किंवा सिमेंट जास्त झालं. कॉलम आणि विटेच्या सांध्यावरची उभी रेघ जाळी न ठोकल्यामुळं येते. स्लॅबखाली भिंतीच्या माथ्यावर आडवी रेघ असेल तर ती बहुधा तापलेल्या स्लॅबची. खिडकी-दारांच्या कोपऱ्यांतून तिरका, पायरी-पायरीनं जाणारा आणि ऋतूप्रमाणं उघडणारा-मिटणारा तडा मात्र जमिनीचा.

असा तडा दिसला की लगेच पुट्टी भरू नका. मेमध्ये उघड्या तड्यात घट्ट माल भरला, तर पावसाळ्यात भिंतीला मिटायला जागा उरत नाही आणि ती दुसरीकडं फुटते. आमच्याकडं तसंच झालं. दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख लिहा, दर महिन्याला रुंदी मोजा आणि वर्षभराचं टिपण इंजिनिअरना दाखवा. तोवर पाण्याचा बंदोबस्त करा: गळक्या पाइपलाइन, शोषखड्डा, अंगणाचा उतार. आमचं मागचं सांडपाणी लांब काढल्यावर आणि घराभोवती पट्टा केल्यावर तड्याची उघडझाप फार कमी झाली. त्यानंतरच सांधे खोदून आडव्या सळ्या बसवल्या आणि न आकसणारा मसाला भरला.

आणि शेवटी पैशाचं. ठेकेदाराशी करार करताना पायापासून जोत्यापर्यंतच्या कामाचा वेगळा हप्ता ठेवा. खड्ड्याचा तळ इंजिनिअरनी स्वतः पाहून सही केल्याशिवाय तो देऊ नका. चाचणीसाठी काँक्रीटचे क्यूब भरून घ्या आणि २८ दिवसांच्या ताकदीचा निकाल फाइलला लावा. बजेट कमी पडत असेल तर कपाटं, फॉल्स सीलिंग, एलिव्हेशन पुढच्या वर्षी करा. ते केव्हाही करता येतं. घर उभं राहिल्यावर पाया खोल करायचा तर भिंतीखालून टप्प्याटप्प्यानं उकरावं लागतं आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. या उन्हाळ्यात प्लॉट घेणार असाल तर भूमिपूजनाचा मुहूर्त काढायच्या आधी मुरूम लागेपर्यंत एक खड्डा घ्या. पुढचा प्रत्येक निर्णय त्या खड्ड्यात उतरून घ्या.