ऑफिसचा फोन वाजतोय, पण उचलायचा कोणी? आयपी फोनची रिंग अशी सेट करा



समजा, तुमची टिफिन सर्व्हिस आहे. ऑफिसात तीन आयपी फोन, म्हणजे इंटरनेटवर चालणारे फोन, आणि तिन्हींची रिंग एकसारखी. फोन वाजला की प्रत्येकाला वाटतं, दुसरा उचलेल. तेवढ्यात ग्राहक फोन ठेवतो आणि पुढच्या नंबरला लावतो. ऑर्डर गेली! जाहिरातीवर केलेला खर्चही गेला. म्हणून आजचा धडा नीट करा.

१. आधी कागदावर लिहा
कोणते कॉल येतात? नवीन ऑर्डर, तक्रार, सप्लायर, आपसातले. प्रत्येकासमोर लिहा: पहिला कोण उचलणार, त्याने नाही उचलला तर कोण.

२. रिंग वेगळी करा
फोनच्या मेनूत सेटिंग्जमध्ये साउंड किंवा रिंगटोन शोधा. ऑर्डरचा आणि तक्रारीचा नंबर वेगळा असेल, तर प्रत्येक लाइनला वेगळी रिंग द्या. एकाच लाइनवर सगळं येत असेल, तर सर्व्हर कॉलसोबत 'अलर्ट-इन्फो' नावाची सूचना पाठवू शकतो. ती वाचून फोन ठरलेली रिंग वाजवतो. हे काम सर्व्हिस देणाऱ्याकडून करून घ्या. सूचनेतला शब्द सर्व्हरवर आणि फोनवर तंतोतंत सारखा हवा, नाहीतर नेहमीचीच रिंग वाजेल.

स्वतःची रिंग टाकायची? बऱ्याच फोनना ८ किलोहर्ट्झची मोनो वेव्ह फाइल चालते. १६ बिटची असेल तर सेकंदाला साधारण १६ केबी जागा लागते, म्हणून ४-५ सेकंदांचीच ठेवा. आवाज असा निवडा, जो मिक्सर चालू असतानाही ऐकू येईल.

३. किती वेळ वाजवायचं?
आपल्याकडे फोन लावणाऱ्याला ऐकू येणारी ट्रिंग-ट्रिंग आणि मधली शांतता मिळून एक फेरा ३ सेकंदांचा असतो. म्हणजे १५ सेकंद म्हणजे पाच फेरे. पहिल्या फोनला १५ सेकंद द्या, मग सगळे फोन एकदम वाजू द्या, त्यानंतर कॉल मालकाच्या मोबाइलवर.

इथे एक गोम आहे. फोनमध्येच १० सेकंदांनी फॉरवर्ड लावलेलं असेल, तर सर्व्हरची १५ सेकंदांची वेळ येण्याआधीच कॉल निघून जाऊ शकतो. फॉरवर्ड एकाच ठिकाणी लावा, शक्यतो सर्व्हरवर.

४. हे तपासायला विसरू नका
- जेवायला जाताना दाबलेलं 'डू नॉट डिस्टर्ब' परत आल्यावर काढलं का?
- बोलत असताना दुसऱ्या कॉलचा बीप येतो का?
- लाइट किंवा नेट गेलं की आयपी फोन बंद. राउटर आणि फोनला बॅकअप द्या आणि 'फोन ऑफलाइन असेल तर मोबाइलवर' हा पर्याय सर्व्हरवर चालू ठेवा.
- सेटिंग सर्व्हरवरून येत असतील, तर तुम्ही फोनवर केलेला बदल रीस्टार्टनंतर पुसला जाऊ शकतो. एकदा रीस्टार्ट करून बघाच.

आजचा गृहपाठ
मोबाइलवरून स्वतःच्याच ऑफिसला तीन वेळा फोन लावा: गर्दीच्या वेळी, जेवणाच्या सुट्टीत आणि राउटर बंद करून. किती फेऱ्यांनी आणि कोणी उचलला ते वहीत लिहा. ज्या वेळी कोणीच उचलला नाही, तिथेच तुमचा ग्राहक गळतोय. आधी ते भोक बुजवा, मग जाहिरात वाढवा!