आवाज बेताचा ठेवा

आम्ही संगणकावर भजन लावले. आवाज येईना. वाटले, यंत्र बिघडले. पण तसे नव्हते.

पाटाचे एक दारे बंद असले, तरी पाणी वाफ्यात जात नाही. संगणकात आवाजाचीही दोन दारी असतात. एक गाण्याच्या चौकटीत. दुसरे बहुधा पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली, कर्ण्याच्या चित्रापाशी. आमच्या चित्रावर फुली होती. ती काढली, भजन वाजले!

इअरफोन कानात घालण्याआधी आवाज कमी करा. मग हळूहळू वाढवा. आवाजाचे माप डेसिबल. जागतिक आरोग्य संघटना सांगते : ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालेल, ९० डेसिबल ४ तासच. कानातल्या नाजूक केसपेशी मेल्या, की पुन्हा येत नाहीत. गाणे उद्याही ऐकायचे आहे ना? मग कान जपा.