जाळ्यातील मासळी आणि समुद्रातील साठा

“यंदा मासळी चांगली लागली,” असे बंदरावर ऐकू आले की तेच वाक्य समाधानाने अहवालात उतरते. वस्तुतः बंदरावर उतरलेली मासळी आणि समुद्रात उरलेली मासळी या दोन भिन्न गोष्टी होत. पिकाची आणेवारी शेतात उभे राहून काढता येते. समुद्रात ती सोय नाही.

समजा, एका बंदरात पूर्वी वीस होड्या एका दिवसाची फेरी करून प्रत्येकी १०० किलो मासळी आणीत. एकूण २,००० किलो. आज चाळीस होड्या दोन दिवसांची फेरी करून प्रत्येकी ६० किलो आणतात. एकूण २,४०० किलो. आवक वाढली खरी. परंतु एका होडीच्या एका दिवसाच्या कष्टाला मिळणारी मासळी १०० किलोंवरून ३० किलोंवर आली. साठ्याची पहिली खूण हीच होय.

ही मोजणी देशभर करण्याचे काम १९४७ साली स्थापन झालेली केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्था करते. प्रत्येक बंदरावर रोज माणूस ठेवणे अशक्य असल्याने बंदरे व दिवस नमुना पद्धतीने निवडले जातात. मोजणीदार पहिल्या दिवशी दुपारी बारा ते सहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा हजर राहतो. मधल्या रात्रीची माहिती विचारून घेतो. पंधरापर्यंत होड्या असल्यास सर्वांची नोंद होते, अधिक असल्यास काहींची.

वजनावरून वय मात्र कळत नाही. थंड समुद्रातील माशांच्या कानातील हाडावर वर्षावर्षाची वलये ठळक उमटतात. आपल्या उष्ण पाण्यात ती तितकी स्पष्ट नसतात. म्हणून दरमहा शेकडो माशांची लांबी मोजून वाढीचा वेग आणि मरणाचे प्रमाण काढतात. नैसर्गिक मरण वजा केले की मासेमारीचा वाटा उरतो. पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला त्याच २०२३ साली राज्याने चोपन्न जातींच्या माशांचे किमान आकारमान ठरवून दिले. त्यामागे अशाच मोजमापांचा आधार आहे.

खरी अडचण लहान मच्छीमारांच्या बाबतीत येते. डोलीच्या जाळ्यात बोंबील, मांदेली, जवळा एकत्र येतात. काही मासळी किनाऱ्यावरच विकली जाते, काही वलांडीवर सुकते. त्यात मोजणीदार दिसला की कर किंवा डिझेल परताव्याची चौकशी असावी, असा संशय येतो आणि फेरीचे तास कमी सांगितले जातात. त्यामुळे तासामागची मासळी फुगून दिसते आणि साठा सुस्थितीत असल्याचा भ्रम होतो. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी मोठ्या ट्रॉलरांच्या आकड्यांवर अधिक भिस्त ठेवली. किनाऱ्यालगतचे मच्छीमार कॉड मासा घटल्याचे सांगत होते. १९९२ साली ती मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे तीस हजार लोकांचा रोजगार गेला.

तेव्हा मोजणीदाराची ओळख सरपंचांनी स्वतः करून द्यावी. किनाऱ्यावरील शाळांनाही महिन्यातून एकदा, मासळीची निवड होण्यापूर्वी, एका टोपलीतील सर्व मासे पट्टीने मोजता येतील. मोठे मासे पुढे मांडण्याचा मोह टाळावा आणि लांबीशेजारी जाळ्याचा प्रकार व फेरीचे तास लिहावेत.