कट-ऑफच्या शेजारी फीचाही रकाना हवा

अभियांत्रिकीच्या केंद्रीकृत प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, फेऱ्या सुरू झाल्या की आमच्या तालुक्याच्या सायबर कॅफेत तेच दृश्य दिसतं. मुलगा मागच्या वर्षीचे कट-ऑफ वाचतो, कॅफेवाला कॉलेजांचे कोड टाकत जातो आणि वडील मागे उभे राहून बघतात. फीचं काय, असं कुणी विचारत नाही. स्कॉलरशिप आहेच, असं सगळे धरून चालतात. ही समजूत किती महाग पडते हे आमच्या घराने 2023 पासून सोसलं आहे.

थोरल्या भावाच्या मुलाला एमएचटी-सीईटीत 92 पर्सेंटाइल होते. विकल्प अर्जात त्याने सीओईपी, व्हीजेटीआय, पीआयसीटी आणि पुण्यातली तशीच नावाजलेली कॉलेजं भरली, तीही फक्त कॉम्प्युटर आणि आयटीसाठी. फेऱ्या संपल्या, जागा मिळाली नाही. त्याच आठवड्यात एका खासगी कॉलेजच्या माणसाचा फोन आला: मॅनेजमेंट कोट्यातून जागा देतो, स्कॉलरशिपचा अर्ज नंतर भरू. दादाने शेतीवर कर्ज काढून फी भरली. पुढे महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज केला आणि तो नामंजूर झाला.

उत्पन्नाचा दाखला बरोबर होता, अधिवासाचा होता, उत्पन्न 8 लाखांच्या पुष्कळ आत होतं. नडलं ते एकच: प्रवेश कॅपमधून झाला नव्हता. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून शिकवणी शुल्क आणि परीक्षा शुल्काची निम्मी रक्कम मिळते, पण व्यवस्थापन कोट्यातल्या विद्यार्थ्याला नाही. फोन करणाऱ्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही. दादा अजून दरवर्षी पूर्ण फी भरतो.

म्हणून 2025 मध्ये शेजाऱ्यांच्या मुलाची यादी करायला पुतण्या स्वतःच बसला. त्याने वहीत प्रत्येक कॉलेजपुढे दोन रकाने आखले. एकात मागच्या वर्षीचा कट-ऑफ, दुसऱ्यात चार वर्षांचा खर्च. खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती जाहीर असते, त्यामुळे कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबायची गरज नाही. तीत वसतिगृह, खाणावळ आणि जाण्यायेण्याचा खर्च मात्र आपणच मिळवायचा. फीत सवलत मिळाली तरी हे पैसे खिशातूनच जातात. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो.

सर्वांत जास्त वेळ गेला टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिकवणी शुल्क माफी योजनेवर, आणि तो घालवावाच. मंजूर जागांच्या वर 5 टक्के जागा या योजनेत असतात. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर अशा जागेवर शिकवणी शुल्क पूर्ण माफ होतं. इतर शुल्कं भरावी लागतात आणि पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. या जागांना स्वतंत्र कोड असतो, त्याच्या शेवटी टी असतो. म्हणजे एकाच कॉलेजची एकच शाखा यादीत दोनदा लिहावी लागते, आणि टीचा कोड साध्या कोडच्या वर हवा. कारण यंत्रणा यादी वरून खाली वाचते. 2025 च्या नियमांप्रमाणे पहिल्या फेरीत पहिला विकल्प मिळाला की तीच जागा आपोआप पक्की धरली जाते, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसरीत पहिल्या सहापैकी कोणताही मिळाला तरी तसंच. साधा कोड वर राहिला आणि तोच मिळाला, तर माफीची जागा कायमची हातातून जाते. टीच्या जागांचा कट-ऑफ बहुधा साध्या जागेपेक्षा चढा असतो, म्हणून नुसते टीचे कोड भरणंही धोक्याचं.

यादीच्या वरच्या भागात आवाक्याबाहेरची नावं टाकायला हरकत नाही. ती मिळाली नाहीत म्हणून खालच्या विकल्पावरचा हक्क कमी होत नाही. घोटाळा होतो तो खालचा भाग रिकामा सोडल्याने. कराड, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, जळगाव इथे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, नांदेडला अनुदानित एसजीजीएस आहे. पुण्यातल्या महागड्या खासगी कॉलेजापेक्षा तिथला खर्च कितीतरी कमी. लोक त्यांना गावाकडचं कॉलेज म्हणून हिणवतात, ते मला पटत नाही. शेजाऱ्यांच्या मुलाला अशाच एका सरकारी कॉलेजात ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) मिळालं, कॅपमधून, आणि त्याची शिष्यवृत्ती मंजूर झाली.

मुलींचं गणित थोडं वेगळं आहे. 2024-25 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यामुळे त्यांच्या यादीत चांगली खासगी कॉलेजंही निर्धास्त घालावीत. अट तीच, प्रवेश कॅपमधून हवा.

बारावीच्या निकालाआधीच तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढा. निकालानंतर तिथे रांग लागते. आणि कुणी फोन करून मॅनेजमेंटची जागा देऊ केली, तर होकार देण्याआधी शिष्यवृत्ती मिळेल असं कॉलेजच्या शिक्क्यासह लेखी मागा.