उरलेला पैसा कुणाचा?
(युवक कॅडेट पथकाच्या शिल्लक निधीविषयी एक अभ्यास)



पैसा कमी पडला की कुरबुरी होतात, हे आपण घरोघरी पाहतो. परंतु पैसा उरला तरी कुरबुरी होतात, हे आपल्याला यंदा समजले. आपल्या धर्मग्रामातील कॅडेट पथकाचा वर्षाचा हिशेब झाला आणि खात्यात थोडी रक्कम शिल्लक असल्याचे दिसले. लगेच चार मते पुढे आली. मुले म्हणाली, नवीन ढोल घेऊ. काही पालक म्हणाले, मुलांना सहलीला न्या. कुणी म्हणाले, चर्चच्या कामाला द्या. आणि कुणी म्हणाले, राहू द्या बँकेत, अडीअडचणीला उपयोगी पडेल. चारही मते चांगल्या मनाने मांडलेली आहेत. म्हणूनच निर्णय घेण्यापूर्वी आपण सर्वांनी मिळून थोडा अभ्यास करावा, असे आम्हांला वाटले.

कॅडेट म्हटले की आपल्याला एनसीसी आठवते. एनसीसी १९४८ साली कायद्याने सुरू झाली. तिचा पैसा सरकारी नियमांनी चालतो. २०२२ पासून तर गणवेशाचा भत्ता थेट कॅडेटच्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत सुरू झाली. आपले पथक तसे नाही. पालकांची वर्गणी, भाविकांची देणगी आणि मुलांनी सणाच्या दिवशी स्टॉल लावून मिळवलेले पैसे, यांवर ते चालते. त्यामुळे नियमही आपणच पाळायचे आणि हिशेबही आपणच ठेवायचा.

१. आधी विचारू या : हा पैसा आला कुठून?

खात्यात सगळे पैसे एकत्र पडतात, पण ते सगळे एकाच प्रकारचे नसतात.

पहिला प्रकार, विशिष्ट कामासाठी दिलेली देणगी. एखाद्या कुटुंबाने "हे ढोलासाठी" म्हणून पैसे दिले असतील तर ते ढोलासाठीच वापरायचे. ही केवळ सभ्यता नाही, ख्रिस्तसभेचा नियम आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील १२६७ वे कलम सांगते की, भाविकांनी ज्या हेतूने अर्पण दिले त्याच हेतूसाठी ते वापरावे. हेतू बदलावा असे वाटलेच तर आधी देणाऱ्याकडे जाऊन विचारावे. आपल्या मनाने "त्यांची काही हरकत नसेल" असे ठरवू नये.

दुसरा प्रकार, वर्गणी. वर्गणीतून पैसे उरले याचा अर्थ बहुधा एवढाच की, आपण वर्गणी गरजेपेक्षा जास्त ठेवली होती. अशा वेळी खर्चाची नवी वाट शोधण्याआधी पुढच्या वर्षीची वर्गणी कमी करता येईल का, हे पाहावे.

तिसरा प्रकार, मुलांच्या कष्टाची कमाई. भेळीचा स्टॉल लावला, शुभेच्छापत्रे विकली, त्यातून आलेला पैसा. यावर पहिला शब्द मुलांचा असला पाहिजे. मोठ्यांनी लहानांच्या पैशावर उदार होऊ नये.

२. खरी शिल्लक किती?

पासबुकात दिसते ती सगळी शिल्लक नव्हे. समजण्यासाठी एक नमुना हिशेब मांडतो. समजा, खात्यात २४,६०० रुपये आहेत. शिंप्याचे ३,२०० रुपये द्यायचे राहिले आहेत. ढोलासाठी म्हणून आलेली देणगी ६,००० रुपये आहे. पुढच्या शिबिरासाठी पालकांनी आधीच भरलेले ४,५०० रुपये आहेत. हे सर्व वजा केले की १०,९०० रुपये उरतात. त्यातून पुढच्या सहामाहीच्या ठरलेल्या खर्चासाठी, म्हणजे चहापाणी, प्रथमोपचाराची पेटी, शिट्ट्या आणि दोऱ्या यांसाठी ४,००० रुपये बाजूला ठेवले, तर हातात मोकळे राहतात ६,९०० रुपये. वाद चालला होता २४,६०० रुपयांचा, आणि निर्णय घ्यायचा आहे ६,९०० रुपयांचा! पुष्कळ भांडणे अशी वजाबाकी न केल्यामुळे होतात.

निर्गमाच्या पुस्तकात, ३६ व्या अध्यायात, पवित्र निवासमंडप उभारण्याची हकिकत आहे. लोक रोज सकाळी अर्पणे आणत होते. शेवटी कारागीरच मोशेकडे आले आणि म्हणाले की, कामाला लागते त्यापेक्षा जास्त जमा झाले आहे. तेव्हा मोशेने छावणीभर दवंडी पिटवून लोकांना थांबवले. विचार करण्यासारखी गोष्ट आहे. "पुरे झाले" हे सांगायला कारागीर स्वतःहून पुढे आले. त्यांनी जादा सामान गुपचूप ठेवून घेतले नाही. उरले आहे हे उघडपणे सांगणे, हीच प्रामाणिकपणाची पहिली पायरी होय.

योहानकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातही उरलेल्या तुकड्यांची आठवण आहे. काही वाया जाऊ नये म्हणून प्रभूने ते गोळा करायला सांगितले आणि बारा टोपल्या भरल्या. त्या टोपल्या पुढे कोणी नेल्या हे सांगितलेले नाही, पण किती भरल्या हे मात्र सांगितले आहे. शिल्लक मोजली गेली.

३. कोण बाहेर राहिले?

आता आम्ही आमचीच एक चूक सांगतो. मागच्या शिबिराला काही मुले आली नाहीत. विचारले तेव्हा "मामाच्या गावाला जायचे होते" असे उत्तर मिळाले. आम्ही ते खरे मानले आणि हजेरीपटावर गैरहजेरी मांडली. पुढे बऱ्याच दिवसांनी एका आईने बोलता बोलता सांगितले की, मुलाकडे काळे बूट नव्हते. संचलनात चप्पल घालून उभे राहायची त्याला लाज वाटली. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, घरात बूट घेण्यासारखी स्थिती नव्हती. आणि त्याच वेळी पथकाच्या खात्यात पैसे पडून होते! आम्ही त्यांना "शिल्लक" म्हणत होतो. खरे तर ती शिल्लक नव्हती. कुणाची तरी गरज आम्हांला दिसली नव्हती, म्हणून ते पैसे उरले होते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, "काय घ्यायचे" हा प्रश्न दुसरा आहे. "कोण बाहेर राहिले" हा पहिला आहे.

४. आपल्याच तालुक्यातील एक धडा

यासाठी लांब जायला नको. आपल्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी साऱ्या देशाला ठाऊक आहे. अण्णा हजारे १९७५ साली लष्करातून निवृत्त होऊन गावी परतले. जवळ असलेल्या पैशांतून त्यांनी आधी यादवबाबांच्या मंदिराची दुरुस्ती केली. त्यानंतर गावातील तरुणांचे मंडळ उभे राहिले. १९८० साली त्याच मंदिरात धान्य बँक सुरू झाली. ज्यांच्याकडे धान्य जास्त पिकले त्यांनी ते बँकेत द्यायचे. ज्यांच्या घरी तुटवडा पडला त्यांनी ते उसने न्यायचे आणि पीक आल्यावर थोडे अधिक घालून परत करायचे.

ही योजना नीट पाहा. एकाच्या घरातील शिल्लक दुसऱ्याच्या घरातील तूट भरून काढते. घेणाऱ्याला हात पसरावा लागत नाही, कारण तो उसने घेतो आणि परत देतो. आणि धान्य एकदा खाऊन संपत नाही, ते फिरत राहते. पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या आपल्या भागाला सुचलेले हे शहाणपण आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, आठव्या अध्यायात, संत पौल हेच समतेच्या भाषेत मांडतो : आज तुमच्या विपुलतेने त्यांची उणीव भरावी, उद्या कदाचित उलटही होईल.

आपल्या पथकालाही अशी एक पेढी काढता येईल, बूट आणि गणवेशाची. वाढत्या वयाच्या मुलांचे बूट वर्षभरात तोकडे होतात, पण फाटलेले नसतात. ते कपाटाखाली पडून राहतात. असे बूट, बेल्ट, टोप्या आणि गणवेश धुऊन-पुसून जमा करावेत. जी मापे मिळणार नाहीत तेवढीच शिल्लक पैशांतून विकत घ्यावीत. वर्षाच्या सुरुवातीला पथकातील प्रत्येक मुलाचे माप घ्यावे, फक्त गरजूंचे नव्हे. त्यामुळे कोणाला पेढीतून मिळाले आणि कोणी दुकानातून घेतले, हे रांगेत उभे असताना कुणाला कळणार नाही. मुलाची लाज राखणे हा या योजनेचा मुख्य भाग आहे.

५. बाकीच्या मतांचे काय?

ढोल : देणगी त्यासाठीच आली असेल तर ढोल जरूर घ्यावा, पण त्या देणगीच्या मर्यादेत. कमी पडणारी रक्कम बूटांच्या पैशांतून घालू नये.

सहल : अहिल्यानगर शहरातील रणगाडा संग्रहालय कॅडेटांनी पाहण्यासारखे आहे. मात्र सहल ठरवायची तर प्रत्येक मुलाचा गाडीखर्च आणि जेवण धरूनच अंदाज काढावा. ज्याला पैसे भरता येतील तोच येणार असेल, तर ती पथकाची सहल होणार नाही.

चर्चचे काम : मुलांनी आपल्या खुशीने काही भाग दिला तर आनंदच आहे. परंतु त्यांना विचारले पाहिजे, आणि "नाही" म्हणण्याची मोकळीक असली पाहिजे. शिवाय सगळ्याच सेवेला पैसा लागत नाही. १८८० साली पारनेरात जन्मलेले सेनापती बापट मुळशी सत्याग्रहाचे पुढारी म्हणून प्रसिद्ध झाले. पण हातात झाडू घेऊन रस्ते झाडण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. कबरस्थानातील गवत काढायला पथकाला खुरपी पुरतात, शिल्लक रक्कम मोडावी लागत नाही.

बँकेत ठेवणे : थोडी राखीव रक्कम असावीच. परंतु ती कशासाठी आणि केव्हापर्यंत, हे लिहून ठेवावे. हेतूशिवाय साठवलेला पैसा जमिनीत पुरलेल्या मोहरेसारखा होतो. तो दाखला आपण सर्वांनी ऐकलेला आहे.

६. निर्णय कोणी घ्यावा?

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात पहिल्या ख्रिस्ती मंडळीतील तक्रार आहे. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात होते. प्रेषितांनी तक्रार दाबली नाही आणि वाटप आपल्याच हातीही ठेवले नाही. त्यांनी मंडळीला सात माणसे निवडायला सांगितले. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्या बाजूने तक्रार होती, बहुधा त्यांच्यातीलच माणसांवर विश्वास टाकण्यात आला.

आपणही तसेच करावे. प्रत्येक गटातून मुलांनी निवडलेला एक मुलगा व एक मुलगी, दोन पालक, पथकाचे शिक्षक आणि धर्मग्रामाच्या अर्थसमितीतील एक सदस्य यांनी एकत्र बसावे. (अशी अर्थसमिती प्रत्येक धर्मग्रामात असावी, असे धर्मसंहितेचे ५३७ वे कलम सांगते.) पालकांपैकी एक जण तरी असा असावा की ज्याला वर्गणी भरताना ओढाताण होते. शेवटची संमती फादरांची असेल, परंतु त्यांच्यासमोर जाणारा ठराव सर्वांचा असावा.

७. हिशेब उघडा ठेवू या

यरुशलेममधील गरिबांसाठी पौलाने मोठा निधी गोळा केला होता. तो न्यायला त्याने तीताबरोबर आणखी बंधू दिले, त्यांतील एक तर मंडळ्यांनीच निवडलेला होता. कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये, हा हेतू त्याने स्वतःच सांगितला आहे. पौलावर कोणाचा अविश्वास होता म्हणून हे केले असे नाही. विश्वास टिकावा म्हणून केले.

आपल्यासाठी साधे नियम असे :

(अ) पैसा कुणाच्याही घरी ठेवू नये. तो धर्मग्रामाच्या हिशेबात, बँकेतच असावा. लगेच न लागणारा पैसा बँकेत किंवा पोस्टात सुरक्षित ठेवावा, हे बंधन सार्वजनिक विश्वस्त संस्थांना १९५० च्या कायद्यानेही घातलेले आहे.

(आ) पैसे काढताना दोन सह्या असाव्यात आणि प्रत्येक खर्चाची पावती जपून ठेवावी.

(इ) वह्या कॅडेटांनाच लिहू द्याव्यात, मोठ्यांनी तपासाव्यात. संचलनाइतकेच हेही शिक्षण आहे.

(ई) वर्षातून एकदा जमाखर्च चर्चच्या फलकावर लावावा. भाविकांनी दिलेल्या पैशांचा हिशेब भाविकांना द्यावा, असे १२८७ वे कलम सांगते. माहितीचा अधिकार महाराष्ट्रात २००२ साली आणि देशभर २००५ साली आला, आणि त्यासाठीच्या चळवळीत आपल्या तालुक्याचा वाटा मोठा आहे. त्या तालुक्यातील चर्चच्या फलकावर हिशेब नसावा, हे आपल्याला शोभणार नाही.

बंधुभगिनींनो, आमची सूचना थोडक्यात अशी : आधी देणी द्यावीत, देणगी तिच्या हेतूलाच वापरावी, सहा महिन्यांची राखीव रक्कम ठेवावी, उरलेल्यातून बूट-गणवेशाची पेढी सुरू करावी, आणि त्यानंतरही काही राहिले तर मुलांनी ठरवावे. यापेक्षा चांगला विचार कुणाला सुचला तर तो जरूर मांडावा. येत्या रविवारी मिस्सानंतर आपण यासाठी बसणार आहोत. ज्या मुलाला मागच्या शिबिराला येता आले नाही, त्याच्या आईलाही आम्ही बैठकीला बोलावले आहे.

घरी चर्चा करण्यासाठी प्रश्न :

१. आपल्या घरात वापरात नसलेले, पण दुसऱ्याच्या उपयोगी पडतील असे बूट वा गणवेश आहेत का?

२. मुलांनी कमावलेल्या पैशाविषयी आपण त्यांचे मत कधी विचारतो का?

३. आपल्या संघटनेच्या, बचत गटाच्या किंवा मंडळाच्या शिल्लक रकमेतील किती पैसा खरोखर मोकळा आहे?

४. "काही कारणाने येऊ शकलो नाही" असे कुणी सांगते तेव्हा ते कारण समजून घ्यायला आपण किती वेळ देतो?